सायकलींची अखंड वाट

पेण हे रायगड जिल्ह्यातील एक जुने व गजबजलेले गाव आहे. ते भोगावती नदीच्या काठी वसले आहे. एका बाजूस सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूस खाडी आणि खाडीलगत दूरवर पसरलेली खारी भातशेते, असा या गावाचा परिसर आहे. पेणच्या गणेशमूर्ती महाराष्ट्रात घरोघर जातात. त्या घडविणारे कुशल हात पेणमध्ये आहेत, तसेच हमरापूर, जोहे अशा भोवतालच्या खेड्यांतही आहेत. या खेड्यांचा पेणशी नित्याचा संबंध येतो. कोणी भाजी, दूध किंवा मासळी घेऊन पेणच्या बाजारात येतो. कोणी दवाखान्यासाठी किंवा कचेरीतील कामासाठी येतो. आणि पाठीवर दप्तर घेऊन कितीतरी मुले-मुली शाळेसाठी येतात.

खेड्यापासून पेणपर्यंतचे अंतर चार किलोमीटर आहे असे धरू. पायी चालणाऱ्या मुलास तेवढे अंतर तोडावयास एक तास लागतो. तेच अंतर सायकलीवर वीस मिनिटांत संपते. जाता-येता मिळून दिवसाची एक तास वीस मिनिटे वाचतात. अभ्यासाला, खेळाला किंवा घरकामात आईला मदत करण्याला हा वेळ मिळतो. शिवाय सायकलीला ना पेट्रोल लागते, ना तिकीट. हिशेब असा सरळ असता सर्वच मुले सायकलीने शाळेत का येत नाहीत? याचे उत्तर घड्याळात नाही. ते रस्त्यावर आहे.

पेणवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता तो ६६ आहे. पनवेल ते इंदापूर हा या महामार्गाचा सुमारे ८४ किलोमीटरांचा टप्पा. पेण याच टप्प्यात येते. त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि ते पुष्कळ वर्षे चालले. रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो आणि तो ओलांडणेही अवघड होते. भोवतालच्या पुष्कळ गावांतून पेणच्या बाजारात येणाऱ्याला या महामार्गाच्या कडेने तरी यावे लागते किंवा तो कोठे तरी ओलांडावा तरी लागतो. मालमोटारी, एस. टी. बसगाड्या, कोकणात जाणाऱ्या मोटारी आणि त्यांच्या शेजारून हँडल घट्ट धरून चाललेले एखादे बारा वर्षांचे मूल, हे दृश्य पाहिले म्हणजे पालकांच्या मनातील भीती खोटी नाही हे कळते.

ही भीती नीट समजून घेतली पाहिजे, कारण रोग कळल्याशिवाय औषध सुचत नाही. मूल सायकलीवरून ताशी बारा किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे एका सेकंदात ते तीन मीटरांहून थोडे अधिक पुढे सरकते. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारी मालमोटार तेवढ्याच वेळात जवळजवळ सतरा मीटर पुढे येते. चालकाला समोरचे संकट दिसावे, त्याचा पाय ब्रेकवर पडावा आणि मग गाडी थांबावी, एवढ्यात ती रस्ता कोरडा असतानाही पस्तीस-चाळीस मीटर पुढे गेलेली असते. पावसाने रस्ता निसरडा झाला असेल, तर त्याहूनही पुढे. दुसरी गोष्ट अशी की, वेग दुप्पट झाला म्हणजे गाडीच्या अंगची ऊर्जा दुप्पट होत नाही, ती चौपट होते. ताशी तीस किलोमीटर वेगाच्या गाडीचा धक्का आणि साठ किलोमीटर वेगाच्या गाडीचा धक्का यांत एवढे मोठे अंतर आहे.

तिसरे कारण सायकलीच्या स्वभावात आहे. सायकल दोन चाकांवर तोल सांभाळीत चालते, म्हणून ती रेघेसारखी सरळ कधीच जात नाही. ती किंचित डावी-उजवीकडे झुलत जाते. म्हणून सायकलस्वाराचे अंग अर्धा-पाऊण मीटर रुंद असले, तरी त्याला चालावयास निदान एक मीटर मोकळी जागा लागते. खड्डा चुकविताना किंवा मोठ्या गाडीच्या वाऱ्याचा झोत अंगावर आला असता ही जागा आणखी लागते. महामार्गाच्या कडेला जेथे खडी, चिखल आणि उभ्या केलेल्या गाड्या असतात, तेथे ही एक मीटर जागा मिळत नाही.

अशा रस्त्यामुळे केवळ वेळ वाया जातो असे नाही. कित्येकांचे शिक्षण त्यावर अवलंबून असते. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. तिचा परिणाम असा झाला की, माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली. आणि जेथे शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती, तेथे हा लाभ अधिक दिसून आला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. पण सायकल घरी आली आणि रस्ता मात्र भीतीचा राहिला, तर ती पडवीत भिंतीला टेकून राहते. भावाला जाऊ देणारी आई मुलीला ‘तू आज बसनेच जा’ म्हणते. आणि बस चुकली की त्या दिवशीची शाळाही चुकते.

मग उपाय काय? जाणत्या लोकांनी यावर दोन नियम सांगितले आहेत. जेथे सायकली आणि मोटारी एकत्र चालणे अपरिहार्य आहे, तेथे मोटारींचा वेग उतरवावा. गावातील आळ्या, बाजारपेठ, शाळेच्या दारापुढील रस्ता ही अशी ठिकाणे होत. आणि जेथे मोटारींचा वेग उतरविणे शक्य नाही, तेथे सायकलींना वेगळी वाट करून द्यावी. महामार्ग हे असे ठिकाण होय. ही वेगळी वाट म्हणजे रस्त्याच्या कडेला ओढलेला पांढरा पट्टा नव्हे. कारण पांढरा पट्टा कोणत्याही चाकाला अडवीत नाही. वेगळी वाट म्हणजे मोटारींना जेथे येताच येत नाही अशी, रस्त्यापासून दूर असलेली सायकलींची स्वतंत्र वाट.

महाराष्ट्रात असे प्रयत्न झाले आहेत. पुणे हे विसाव्या शतकाच्या मध्यास सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. विद्यार्थी, कारकून, कामगार, दूधवाले, पेपरवाले सारे सायकलीने हिंडत. पुढे स्कूटरी व मोटारी वाढल्या, शहर दूरवर पसरले आणि सायकली मागे पडल्या. पुणे महानगरपालिकेने काही रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग बांधले. २०१७ साली तर साऱ्या शहरासाठी सायकलींचा एक मोठा आराखडाही मंजूर केला. जंगली महाराज रस्त्यासारख्या काही ठिकाणी रुंद पदपथाबरोबर सायकलींसाठी पट्टा झाला. तथापि जुन्या सायकलमार्गांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येई. मार्ग थोडे अंतर चांगला जाई आणि चौक आला की नाहीसा होई; मध्येच एखादा विजेचा खांब, एखादी उभी मोटार, एखादे दुकान आडवे येई. मुंबईतही वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली सुमारे तेरा किलोमीटरांचा सायकलमार्ग आखण्यात आला. परंतु लोक जेथे राहतात तेथपासून आणि रेल्वेच्या स्थानकांपासून त्या मार्गापर्यंत सायकलीने निर्धोकपणे येण्याची सोय नव्हती. त्यावर सायकलींऐवजी मोटारी उभ्या राहू लागल्या आणि काही वर्षांतच तो निरुपयोगी ठरला.

पैसा खर्च झाला, रंग लागला, पाट्याही लागल्या. तरी हे मार्ग का फसले, हे पेणच्या शेतकऱ्याला चटकन समजेल. पेणच्या खाडीकाठी भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले आहेत. असा बांध एक किलोमीटर लांबीचा असेल आणि त्यातील नऊशे नव्व्याण्णव मीटर अगदी भक्कम असतील, पण एका मीटरात जर खांड पडली, तर उधाणाचे पाणी त्या खांडीतून आत घुसते आणि सारी शेते खारट होऊन जातात. मग काही वर्षे तेथे भात पिकत नाही. भक्कम असलेल्या नऊशे नव्व्याण्णव मीटरांचा त्या वेळी काहीही उपयोग होत नाही. सायकलींच्या वाटेचेही तसेच आहे. चार किलोमीटरांची वाट सुरेख असली आणि शेवटी महामार्ग ओलांडण्याच्या जागी ती तुटली, तर आई आपल्या मुलाला त्या वाटेने पाठविणार नाही. कारण ती चार किलोमीटरांचा विचार करीत नाही. ती त्या एका खांडीचा विचार करते.

हीच गोष्ट युरोपातील नेदरलँड्स या देशाला अनुभवाने शिकावी लागली. आज तो सायकलींचा देश म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तो पूर्वापार असाच राहिला, हा समज खरा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी भराभर वाढल्या आणि सायकली मागे हटल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मृत्यू पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप, शिक्षक, नागरिक रस्त्यांवर उतरले. ‘मुलांचे हे बळी थांबवा’ अशी त्यांची मागणी होती. १९७३ साली जगात तेलाची टंचाई निर्माण झाली आणि तेथील सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. मोकळ्या रस्त्यांवर मुले खेळू लागली, माणसे सायकली घेऊन बाहेर पडली. आपले रस्ते कसे असू शकतात हे लोकांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर टिलबर्ग आणि हेग या दोन शहरांत शहराच्या मध्यभागापर्यंत जाणारा एकेक नमुनेदार सायकलमार्ग बांधण्यात आला. मार्ग उत्तम होता, पण त्यामुळे शहरातील सायकलींची संख्या अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. कारण घरापासून त्या मार्गापर्यंतची वाट पूर्वीसारखीच धोक्याची होती. हा धडा घेऊन १९८० नंतरच्या दशकात डेल्फ्ट या शहरात निराळी पद्धत अवलंबण्यात आली. एकच देखणा मार्ग बांधण्याऐवजी साऱ्या शहरात वाटांचे जाळे विणले गेले. दूर जाणाऱ्यांसाठी मोठ्या वाटा, एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यासाठी मधल्या वाटा आणि घराच्या दारापर्यंत पोहोचणाऱ्या लहान वाटा, असे तीन प्रकार एकमेकांना जोडण्यात आले. झाडाला जसे खोड, फांद्या आणि डहाळ्या लागतात, तसेच हे झाले. आता त्या देशात रस्त्यावरील मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास असतात. मोटारींतील सुरक्षेचे पट्टे, कडक कायदे, चांगले दवाखाने यांचाही त्यात वाटा आहे. तथापि सायकलींच्या वेगळ्या वाटांचा वाटाही लहान नाही.

त्याच देशात हौटेन नावाचे एक गाव आहे. १९७० च्या सुमारास ते लहानसे खेडे होते. आज त्याची वस्ती सुमारे ५० हजार आहे. २०११ च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या सुमारे ३८ हजार होती, म्हणजे ही दोन्ही गावे फार लहान-मोठी नाहीत. हौटेन वाढविताना योजना करणाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. गावाच्या मध्यातून सायकलींचा व पादचाऱ्यांचा मार्ग नेला आणि शाळा त्या मार्गालगत ठेवल्या. मोटारींसाठी मात्र गावाभोवती वळसा घेणारा रस्ता केला. एका आळीतून दुसऱ्या आळीत मोटारीने जावयाचे असल्यास गावाबाहेर पडून फिरून यावे लागते. सायकलीने मात्र सरळ जाता येते. मोटारीला कोणी बंदी केली नाही, पण जवळची वाट सायकलीच्या वाट्यास आली. त्यामुळे जवळच्या कामासाठी मोटार काढावी असे लोकांना फारसे वाटतच नाही.

यावर कोणी म्हणेल, हौटेन नव्याने वसविले गेले. जुन्या, दाट वस्तीच्या गावात नवी वाट कोठून काढावयाची? या प्रश्नाला इंग्लंडमधील एका मार्गाने उत्तर दिले आहे. ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांच्या मधली एक जुनी रेल्वेलाईन प्रवाशांसाठी १९६६ साली बंद पडली. लोहमार्गाची लांब, जवळजवळ सपाट पट्टी झुडपांनी भरून पडली होती. काही उत्साही नागरिकांनी पुढाकार घेतला. स्वयंसेवकांनी कुदळ-फावडे घेऊन श्रमदान केले आणि १९७९ साली बाथच्या बाजूचा सुमारे आठ किलोमीटरांचा पहिला तुकडा तयार झाला. १९८६ पर्यंत एकवीस किलोमीटरांची सबंध वाट पुरी झाली. ब्रिस्टल शहराच्या मध्यभागाजवळ ती पोहोचते, आणि वाटेत मोटाररस्ता ओलांडण्याचे प्रसंग फार थोडे येतात. कारण रेल्वेसाठी बांधलेले पूल आयतेच मिळाले. मुंबईत महानगरपालिकेने ‘हरित वारी जलतीरी’ या नावाने तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरांचा सायकलमार्ग करण्याचे ठरविले, त्यामागेही हीच कल्पना आहे. जुनी रेल्वेलाईन, जलवाहिनी, कालवा, नदीचा काठ अशी लांबट, सलग पट्टी कोठे आहे, हे प्रथम शोधावयाचे असते.

पेणच्या परिसराकडे या दृष्टीने पाहिले, तर असे काय दिसते? खाडीकडच्या खेड्यांभोवती बांध आहेत, शेतांमधून गाडीवाटा आहेत, गावठाणांना जोडणाऱ्या पायवाटा आहेत. महामार्ग होण्यापूर्वी माणसे याच वाटांनी ये-जा करीत. त्यांतील योग्य त्या वाटा निवडून, जोडून आणि सुधारून पेणच्या बाजारापर्यंत नेता येतील काय? हा विचार करताना मात्र नुसता उत्साह पुरत नाही. पुष्कळ गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो.

पहिली गोष्ट जमिनीची. वाट कोणाच्या तरी शेतातून किंवा शेताच्या कडेने जाणार. शेतकऱ्याची संमती आणि त्याचा योग्य मोबदला यांशिवाय ती होता कामा नये. खाडीकाठचे कांदळवन कायद्याने संरक्षित आहे. किनाऱ्याची धूप आणि उधाणाचा मारा ते थोपविते, म्हणून त्याला धक्का लावता येत नाही. बांधावरून वाट नेणे सोपे वाटते, पण बांध मुळात पाणी अडविण्यासाठी असतो. त्याचा माथा रुंद व भक्कम केल्याशिवाय त्यावर नित्याची रहदारी सोडली, तर माती खचून बांधच दुबळा होईल. मुलांसाठी वाट करावी आणि त्यांच्याच घरचे शेत बुडावे, असे होऊन चालणार नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. कोकणात चार महिने धो धो पाऊस पडतो. मातीची वाट जूनमध्ये चिखल होते आणि नेमकी त्याच महिन्यात शाळा सुरू होते. म्हणून वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच हवी, तिला एका बाजूस किंचित उतार हवा, दोन्ही कडांना पाणी वाहून नेणारे चर हवेत आणि ओढा येईल तेथे मोरी हवी. तिचा पृष्ठभाग कठीण पण थोडा खरबरीत असावा, म्हणजे शेवाळावरून चाक घसरणार नाही. समोरासमोरून येणाऱ्या दोन सायकली सुखाने निघून जाण्यासाठी अडीच ते तीन मीटर रुंदी लागते. चढ असलाच तर तो सौम्य असावा. नाहीतर पाठीवर दप्तर आणि मागे धाकटी बहीण असलेला मुलगा धापा टाकू लागेल.

तिसरी गोष्ट महामार्ग ओलांडण्याची. येथेच खांड पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. येथे रस्त्याखालून बोगदा काढणे हा चांगला उपाय आहे. मालमोटारीसाठी बोगदा पाच-साडेपाच मीटर उंच करावा लागतो. सायकलीसाठी अडीच मीटर उंची पुरते. त्यामुळे वाट फार खोल उतरवावी लागत नाही आणि पुढे फार चढावेही लागत नाही. पण सखल बोगद्यात पावसाचे पाणी तुंबते, म्हणून त्यातील पाणी बाहेर काढण्याची सोय आधीच करावी लागते. बोगदा सरळ आणि रुंद असावा, आत शिरतानाच पलीकडचा उजेड दिसावा. अंधाऱ्या, वळणाच्या बोगद्यात जाण्यापेक्षा लोक वरून धावत रस्ता ओलांडणे पसंत करतात आणि मग बोगदा असून नसल्यासारखा होतो. जेथे बोगदा शक्य नाही, तेथे सिग्नल आणि रस्त्याच्या मधोमध थांबण्यासाठी सुरक्षित जागा हवी, म्हणजे एका वेळी एकाच दिशेची रहदारी पाहून निम्मा रस्ता ओलांडता येतो.

चौथी गोष्ट एकांताची. रस्त्यापासून दूर असलेली वाट मोटारींपासून सुरक्षित असते, पण ती निर्जन असेल तर संध्याकाळी तेथून एकट्या मुलीने कसे यावे? म्हणून वाट झाडीत लपलेली असू नये; ती घरांच्या, शेतांच्या आणि माणसांच्या नजरेतून गेली पाहिजे. तिच्यावर दिवे हवेत. दोन्ही बाजूंची झुडपे वेळोवेळी छाटली पाहिजेत. दूधवाले, शेतमजूर, मासळी विकणाऱ्या बाया, मूर्तिकारांच्या कारखान्यांत जाणारे कारागीर हे सारे ती वाट वापरू लागले, तर वाट आपोआप जागती राहील. वाट केवळ मुलांसाठी न करता सर्वांसाठी करावी, असे जे म्हणतात त्याचे कारण हेच आहे.

पाचवी गोष्ट गावाच्या आतली. वाट पेणच्या वेशीपर्यंत आली आणि पुढे बाजाराच्या गर्दीत तिने मुलांना सोडून दिले, तर काम अर्धेच झाले. बाजारपेठेत आणि शाळांभोवती मोटारींचा वेग कमी ठेवणे, शाळा, बाजार व बसस्थानक येथे सायकली उभ्या करण्यासाठी छपराची जागा करणे, वाटेच्या तोंडाशी रिक्षा-मोटारींना अडविणारे पण सायकलीला आणि अपंगांच्या चाकाच्या खुर्चीला जाऊ देणारे खांब रोवणे, ही कामे लहान दिसतात. पण वाटेची अखंडता त्यांच्यावरच अवलंबून असते.

इतके करूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे राखण. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात बांधांची राखण पूर्वी गावकरी मिळून करीत असत. या एकजुटीच्या कामाला ‘जोळ’ म्हणत. उधाणाच्या दिवसांत माणसे बांधावर फिरत, कोठे खेकड्यांनी बीळ केले, कोठे माती खचली ते पाहत आणि लहान भोक मोठे होण्यापूर्वीच बुजवीत. कोणा एकाच्या शेतासमोर बांध फुटला तरी पाणी सर्वांच्या शेतात येणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. सायकलींच्या वाटेलाही अशीच राखण लागते. खडी पसरली, दिवा गेला, मोरी तुंबली, कोणी वाटेवर विटा रचल्या, तर त्याच आठवड्यात त्याचा बंदोबस्त झाला पाहिजे. वाट बांधण्याचे काम सरकार आणि नगरपालिका करू शकतात. ती जागती ठेवण्याचे काम मात्र गावानेच करावयाचे असते.

या कामात मुलांनाही हात लावता येतो. एखाद्या वर्गाने ठरविले, तर किती मुले सायकलीने येतात, किती पायी येतात आणि ज्यांच्या घरी सायकल असूनही जी मुले ती आणीत नाहीत त्यांना कोणत्या जागेची भीती वाटते, याची नोंद एका आठवड्यात होऊ शकते. गावाचा नकाशा काढून त्या प्रत्येक जागी तांबडी खूण करावी. पुष्कळ खुणा एकाच ठिकाणी पडलेल्या दिसल्या, की तेथे खांड आहे हे मोठ्या माणसांनाही उमगते. असा नकाशा शिक्षकांच्या हस्ते नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत देता येतो. अभियंत्याला रस्त्याची रुंदी मोजता येते. परंतु कोणत्या वळणावर आपल्या छातीत धडधडते, हे रोज त्या रस्त्याने येणाऱ्या मुलालाच ठाऊक असते.

पेणच्या खाडीकाठी उभे राहून पाहिले, तर बांध ही मोठी डोळ्यांत भरणारी वस्तू नाही. तो मातीचा एक साधा उंचवटा असतो. पण त्याच्या आत हिरवीगार भातशेते डोलत असतात आणि बाहेर खारे पाणी उभे असते. निर्धोक सायकलवाटही अशीच साधी असते. सकाळी घंटा होण्यापूर्वी मुले-मुली बोलत, हसत तिच्यावरून शाळेत येतात आणि संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचतात. त्यांच्या आया त्या वेळी दाराशी वाट पाहत उभ्या नसतात. त्या निश्चिंतपणे आपल्या कामात असतात. वाट अखंड असल्याची खूण हीच.

स्वाध्याय

१. खेड्यातील मुलांना सायकलीने शाळेत येण्याची भीती का वाटते? पाठात दिलेली तीन कारणे सांगा.
२. टिलबर्ग व हेग येथील सायकलमार्गांवरून कोणता धडा मिळाला? डेल्फ्टमध्ये त्याचा उपयोग कसा करण्यात आला?
३. खारबांधातील खांड आणि सायकलींच्या वाटेतील तुटकी जागा यांत कोणते साम्य आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘मोटारींपासून दूर असलेली प्रत्येक वाट सुरक्षित असतेच असे नाही.’ हे विधान स्पष्ट करा.
५. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. त्यातील धोक्याच्या जागा दाखवा आणि प्रत्येक जागेवर आपणांस सुचणारा उपाय लिहा.